नायेलीचा हात

माझी नायेली कालव्यात गेली तेव्हा जेमतेम अकरा वर्षांची होती. त्यानंतर इतकी वर्षं गेली, पण घरात ती मला कधी जाणवली नाही. बायका विचारायच्या, "ओफेलिया, स्वप्नात येते का गं लेक?" मी सांगायचे, नाही येत बाई, जिथे आहे तिथे बरी असेल. नोव्हेंबरात मेलेल्यांचा दिवस आला की थडगं धुवायचं, झेंडू वाहायचे, तिच्या आवडीच्या तिखट चिंचेच्या गोळ्या ठेवायच्या आणि घरी येऊन दुकान उघडायचं. यंदा फेब्रुवारीत मात्र ती परत आली. आणि तिला आणलं कोणी, तर शेरीफच्या ऑफिसातल्या एका यंत्रानं.

हसायचं तर हसा. कुणी दुसरीनं सांगितलं असतं तर मीही हसले असते.

माझं सलून घराच्या पुढच्याच खोलीत आहे. दोन खुर्च्या, दोन आरसे, केस धुवायचं एक बेसिन. गावातल्या निम्म्या बायकांची डोकी माझ्या हाताखालून जातात आणि डोक्यांबरोबर सगळ्या गावच्या भानगडीही. नदीपलीकडे मेक्सिको, अलीकडे अमेरिकेत आम्ही, मध्ये संत्र्यांच्या बागा आणि त्यांना पाणी पाजणारे कालवे. इथे सरकारी नोकरी लागली की माणूस तरला. म्हणून शेरीफकडे, म्हणजे जिल्ह्याच्या पोलिसांत, नाही तर सीमेवरच्या पोलिसांत घराघरातून पोरं अर्ज करतात, आणि घराघरातून निम्मी पोरं त्या खोटं पकडणाऱ्या यंत्रावर, पॉलिग्राफवर, आपटून परत येतात. मग आई सगळ्यांना सांगत सुटते, "आमच्या पोरानंच नको म्हटलं, पगार कमी होता." आम्ही मान डोलावतो. मनात मात्र प्रत्येकीच्या येतंच, काय बरं लपवलं असेल मेल्यानं?

आमच्या घरातून गेली ती यादिरा. माझ्या धाकट्या बहिणीची, ग्रासिएलाची एकुलती एक मुलगी. यादिरा आणि माझी नायेली एकाच वर्षी जन्मल्या. दोघींना आम्ही एकाच टबात आंघोळ घातली, एकीचे झगे दुसरीला घातले, दोघींच्या वेण्या मीच घालायची. त्या जुलैच्या दुपारी दोघी बागांमागच्या कालव्यावर कासवं बघायला गेल्या. मी इथेच होते, एका नवऱ्या मुलीच्या केसांत पिना खोचत. नायेलीच्या पायातली चप्पल घसरून पाण्यात पडली. ती काढायला कालव्याच्या उतारावर ती पालथी झाली, आणि वरून यादिरानं तिचा हात धरला. आमचे कालवे सिमेंटचे, त्यावर हिरवं शेवाळ. नायेली घसरली, हात निसटला, पाण्यानं ओढून नेलं.

यादिरा पळत जवळच्या घरात गेली. एक म्हातारा एकटा राहायचा तिथे, त्याच्या फोनवरून तिनं मदतीच्या नंबरावर, नाइन-वन-वनला, फोन लावला. फोनवरच्या बाईनं विचारलं, कुठला रस्ता? कुठला कालवा? पोरीला काही सांगता येईना. तेव्हा ती बाई म्हणाली, "बाळा, खिडकीतून बाहेर बघ आणि दिसतंय ते सांग." यादिरानं निळी पाण्याची टाकी सांगितली, मोडकं फाटक सांगितलं, आणि तेवढ्यावर गाडी येऊन पोचली. नायेली वाचली नाही. पण कालव्याच्या पुढच्या लोखंडी दरवाज्यात अडकायच्या आत सापडली, मला तिचा चेहरा बघता आला. गाडी आल्यावरसुद्धा त्या बाईनं फोन ठेवला नव्हता. यादिराच्या कानात ती बोलतच होती, "मी आहे हां, मी इथेच आहे."

"मावशी, मला ती बाई व्हायचंय," यादिरा मला म्हणाली होती. मोठी झाल्यावर ती औषधांच्या दुकानात गल्ल्यावर बसायला लागली. मग शेरीफच्या ऑफिसात नाइन-वन-वनचे फोन घ्यायची जागा निघाली आणि हिनं अर्ज केला. टायपिंग झालं, कानांची तपासणी झाली, मुलाखतीत साहेब खूश झाले. ती आतापासूनच गावातले रस्ते पाठ करायला लागली. गाडीत बसलं की म्हणायची, "मावशी, इथून मला कुणी फोन केला तर मी काय विचारीन माहितेय?" मला ऐकवायचं नाही, पण मी ऐकायचे. नायेली गेल्यापासून त्या पोरीला काही हवं असलेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

राहिला तो पॉलिग्राफ. आणि ही मुळातच घाबरट. वर्गात दुसऱ्याच कुणाची पेन्सिल चोरीला गेली तरी लाल व्हायची ही. दुकानातून बाहेर पडताना दारातल्या यंत्रानं आवाज केला, तर काही न घेतासुद्धा पिशवी उलटी करून दाखवायची.

आदल्या दिवशी मी तिची दृष्ट काढली. आमच्याकडे अंड्यानं काढतात. डोक्यापासून पायापर्यंत अंडं फिरवायचं, प्रार्थना पुटपुटायची आणि मग ते पाण्याच्या ग्लासात फोडून बघायचं. अंडं स्वच्छ निघालं, एक डागसुद्धा नाही, म्हणजे पोरीत वाईट काही नाही. ग्रासिएला शेजारी उभी होती. ती म्हणाली, "हे बघ यादी, यंत्राला भ्यायचं कशाला? फादरसमोर कशी बोलतेस, तशी त्या माणसासमोर बोल. लहान-मोठं सगळं आधीच सांगून टाक. आत काही उरलंच नाही, तर यंत्र पकडणार काय?"

"बरोबर बोलतेय तुझी आई," मी म्हटलं. "कधी नव्हे ते."

आम्हाला ते बरोबरच वाटलं. सातव्या वर्षापासून चर्चमधल्या त्या कबुलीच्या जाळीपुढे गुडघे टेकतोय आम्ही. सांगितलं की सुटलं, हेच शिकलोय. जाळीपलीकडचा माणूस कुणाला सांगत नाही, हेही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली तेव्हा ब्लाऊज पाठीला चिकटला होता. मी खुर्चीवरच्या बाईला ड्रायरखाली बसवलं आणि पोरीला मागच्या स्वयंपाकघरात नेलं. तिनं पाणी मागितलं आणि प्यायलीच नाही, ग्लास नुसता धरून बसली.

"तो प्रुएट म्हणून माणूस आहे," ती म्हणाली. "बाहेरून येतो. फार गोड बोलला गं आधी. म्हणाला, तुला त्रास द्यायला नाही बसलो, एकेक प्रश्न आधी बोलून घेऊ. आपल्यावर विश्वास टाकणाऱ्या माणसाशी कधी खोटं बोललीस का? मी म्हटलं हो."

"हो म्हटलंस?"

"आईच तर म्हणाली सगळं सांग! मग मी सांगितलं. तुझ्या दुकानातली लिपस्टिक घेतली होती ते. शाळेत ताप आल्याचं नाटक केलं ते. आईला सांगितलं मैत्रिणीकडे जाते आणि गेले दुसरीकडे, ते. औषधांच्या दुकानातले रबर बॅंड घरी आणते, ते. तो म्हणाला, बास, बास, पुरे. मी म्हटलं, नाही, अजून एक आहे."

"अगं बाई," मी म्हटलं. मला हसू आलं खरं सांगते. "लिपस्टिक कुठली?"

"मावशी, थांब ना." तिनं ग्लास ओट्यावर ठेवला. "मग छातीला रबरी नळ्या बांधल्या, दंडाला पट्टा, बोटांना चिमटे. तोंड भिंतीकडे. हलायचं नाही. तो माझ्या मागे. प्रश्न विचारतो आणि गप्प बसतो. पट्टा आवळून आवळून हात काळानिळा झाला. लिपस्टिकचे प्रश्न आले तेव्हा मला काही झालं नाही, सांगून झालं होतं ना. मग तो म्हणाला, एखादा गंभीर गुन्हा केलास का, जो कुणालाच कळला नाही?"

पुढच्या खोलीत ड्रायर घरघरत होता.

"आणि मला नायेली दिसली," ती म्हणाली. "मी नाही म्हटलं. खरंच तर नाही. पण काळीज असं उडालं मावशी, की ते मलाच ऐकू आलं. मग तोच प्रश्न त्यानं पुन्हा विचारला. पुन्हा. दर वेळी तो प्रश्न यायच्या आधीच मला कळायचं की आता येणार, आणि दर वेळी ती दिसायची."

त्यानंतर तो माणूस बाहेर गेला, बऱ्याच वेळानं परत आला आणि खुर्ची ओढून हिच्यासमोर बसला, गुडघ्याला गुडघा लागेल इतका जवळ. म्हणाला, एक प्रश्न सोडून सगळं छान आहे. त्या एका प्रश्नावर तू काहीतरी धरून ठेवलंयस, मला दिसतंय. सांगून टाक, हलकं वाटेल. हे शब्द अगदी फादरचेच. आणि माझी ही शहाणी पोर त्याला सांगून बसली.

"काय सांगितलंस?"

"की माझी मावसबहीण बुडाली. मी हात धरला होता. आणि कधी कधी झोपेत मला वाटतं की मी सोडला."

मी तिला जवळ घेतलं. म्हटलं, झोपेत काय, मला झोपेत वाटतं मी राष्ट्राध्यक्षांचे केस कापतेय. ती हसली नाही. पण मी घेतलं जवळ, हे मला सांगायचंय. त्या दिवशी माझ्या मनात काहीही नव्हतं.

नोकरी गेली. फोन आला, तुमचा विचार होऊ शकत नाही. ग्रासिएलानं दोन दिवस भांडी आपटली. आणि नंतरच्या आठवड्यात बेतो लोंगोरिया माझ्या दारात उभा राहिला.

बेतो शेरीफकडे तपासाचं काम बघतो. त्याची आई चेलो, मानानं आम्ही तिला दोन्या चेलो म्हणतो, दर शुक्रवारी माझ्याकडे केस सेट करून घेते. त्याचे पहिले केस मी कापलेत. तरी त्या दिवशी तो टोपी काढून दारातच थांबला, तेव्हाच मला काहीतरी बरं वाटलं नाही.

"ओफेलियाकाकू, जरा एकटीनं बोलता येईल?"

"एकटीच आहे. बस. केस वाढलेत तुझे."

तो बसला नाही. "प्रुएटनं लिहून पाठवलंय. यादिरानं त्याच्यासमोर कबूल केलं म्हणे की तिनं नायेलीचा हात सोडला."

"झोपेत!" मी म्हटलं. "झोपेत वाटतं असं म्हणाली ती!"

"ते त्यात नाहीये." त्यानं टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "लहान मुलीचा मृत्यू आहे, म्हणून मला विचारावंच लागतं. आई म्हणून तुमचं काय म्हणणं आहे? तुम्हाला तपास परत हवा असेल, तर मी उघडतो."

"त्या यंत्रावर तुझा विश्वास आहे?"

त्यानं दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला. "काकू, खरं सांगू? ते बारीकसारीक प्रश्न मुद्दाम विचारतात. कधी खोटं बोललास का, कधी काही उचललंस का. तिथे प्रत्येकजण थोडंफार लपवतो, आणि लपवताना काळीज हलतं. मग मोठ्या प्रश्नाला ते त्याहून कमी हललं, तर तुम्ही पास. यादिरानं आधीच सगळं सांगून टाकलं. लहान प्रश्नांना तिला काहीच झालं नाही, म्हणून मोठ्यावरचं डोंगराएवढं दिसलं."

"म्हणजे खोटं बोलली असती तर पास झाली असती?"

"मी झालोच ना." त्याचे कान लाल झाले. "मी म्हटलं होतं, आईशी मी आयुष्यात कधी खोटं बोललो नाही."

दोन्या चेलोची आठवण येऊन मला हसू फुटायला हवं होतं. नाही फुटलं.

"मग उत्तर काय लिहू?" त्यानं विचारलं.

तिथेच मी झाडू घेऊन त्याला हाकलायला हवं होतं. तपास उघडला म्हणजे यादिराला खोलीत बसवून तासन्तास तेच ते विचारणार, गावभर होणार, आणि पुढे कुठल्याही ऑफिसात त्या पोरीला उभं करणार नाहीत. ग्रासिएला आणि मी एका टेबलाशी पुन्हा बसू का, देव जाणे. हे सगळं मला तिथल्या तिथे कळत होतं. आणि तरी माझ्या तोंडून निघालं, "सोमवारी ये. विचार करते."

तो गेला आणि मी आरशात बघितलं. विचार कसला करणार होते मी?

त्या दिवसापासून नायेली यायला लागली.

दिसायची नाही. दिसली असती तर बरं झालं असतं, मी तिला मिठी मारली असती. ती बेसिनपाशी असायची. बाई खुर्चीत मागे रेलली, मान बेसिनच्या खाचेत ठेवली, मी पाणी सोडलं की तिचे केस पाण्यात पसरायचे, आणि त्या केसांखाली कुणाचं डोकं आहे ते मला क्षणभर कळायचंच नाही. माझे हात तिथल्या तिथे थांबायचे. बाया विचारायच्या, "ओफे, पाणी गार आहे का गं?" एकदा दोन्या चेलोचं डोकं मी असं गच्च धरून ठेवलं की ती ओरडली, "अगं मारतेस का मला!" मी गिऱ्हाइकांना सांगितलं गीझर बिघडलाय, घरूनच केस धुवून या.

आणि ती काही बोलायची नाही, हाच तर त्रास. इतकी वर्षं मला वाटायचं की तिला सांगायचं काही उरलं नाही म्हणून ती येत नाही. आता वाटायला लागलं, की ती उभी राहते ती काहीतरी सांगायलाच. मावशीच्या नात्यानं मी यादिराच्या बाजूची, बेतोचं बोलणं मला पुरतं पटलेलं, अंडं स्वच्छ निघालेलं मी माझ्या डोळ्यांनी बघितलेलं. तरी रोट्या लाटताना मध्येच हात थांबायचा. दोघी त्या दिवशी सकाळी भांडल्या होत्या का? रिबिनीवरून? की ते दुसऱ्या कुठल्या दिवशी? यादिरा थडग्यावर कधी माझ्यासोबत आली नाही, ती का? अशा गोष्टी मी कधी मोजल्या नव्हत्या. आता त्या आपोआप एकीला एक जोडल्या जायच्या, आणि माझी मलाच घाण वाटायची.

ग्रासिएलाला हे कळलं की काय, कोण जाणे. तिनं एकदा फोनवर विचारलं, "ताई, तू हल्ली यादीला जेवायला बोलावत नाहीस."

"कामं असतात गं."

"हं," ती म्हणाली. एवढंच. पण बहीण आहे माझी, त्या हुंकारात सगळं होतं.

रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर दोघी आपणहूनच आल्या. ग्रासिएलानं वाफवलेल्या मटणाचा पुडा आणला होता, आमच्याकडे रविवारी तेच असतं. ती आत रोट्या गरम करायला गेली. यादिरा पुढच्या खोलीतच राहिली. वाळली होती. डोळ्यांखाली काळं. ती सरळ खुर्चीत जाऊन बसली आणि म्हणाली, "मावशी, केस काप. अगदी आखूड."

"वेडी झालीस का? एवढे छान केस."

"ओले झाले की मला सहन होत नाहीत."

मी कापड झटकलं, तिच्या अंगावर टाकलं आणि मानेमागे बंद लावला. बंद लावताना माझी बोटं तिच्या मानेवर राहिली, इथे, जबड्याखाली, जिथे शीर उडते. बाहेर रस्त्यावर कुणाच्या तरी गाडीत गाणं मोठ्यानं लागलं होतं. भर दुपारचं ऊन दारातून थेट आत आलं होतं. भूतबित असायची ती वेळच नव्हती.

आणि मी विचारलं. ठरवून नाही, देवाशपथ. शब्द माझे नव्हतेच, आवाजसुद्धा माझा वाटला नाही, गोड होता.

"यादी, तू तिचा हात सोडलास का गं?"

माझ्या बोटांखाली शीर अशी उडाली की मी दचकले. धडधड धडधड. थांबेचना.

आरशात ती माझ्याकडे बघत होती. माझ्या बोटांकडे नाही, माझ्याकडे. बोटं कुठे आहेत आणि कशाला आहेत ते तिला कळलं होतं.

"उडाली ना?" ती म्हणाली. हळू, अगदी नेहमीच्या आवाजात. "नेहमीच उडते. चर्चमध्ये कुणी तिचं नाव घेतलं तरी उडते. तुझ्या घराच्या पायऱ्या चढताना उडते. म्हणून मी थडग्यावर येत नाही मावशी, तुला ऐकू जाईल असं वाटतं."

"यादी, मी—"

"थांब." तिनं कापडाखालून हात बाहेर काढला, खुर्ची माझ्याकडे फिरवली आणि माझं मनगट धरलं. नर्सबाई धरते तसं, दोन बोटं शिरेवर. हात गार होता तिचा. मला वाटलं रडेल, पण नाही रडली.

"आता तू सांग," ती म्हणाली. "मावशी, तू तिचा हात सोडलास का?"

मी नाही म्हणणार होते. मी त्या कालव्याच्या जवळपाससुद्धा नव्हते. मी गावाच्या या टोकाला, याच आरशासमोर, तोंडात पिना धरून उभी होते, सगळ्या गावाला माहितेय. पण तिनं विचारलं आणि माझं काळीज असं उसळलं की कानात दडे बसले. मनगटातली शीर तिच्या बोटांना धक्के देत होती आणि मला ती थांबवता येत नव्हती. मी हात ओढायला गेले, तिनं सोडला नाही.

"बघ," ती म्हणाली.

आतून ग्रासिएला ओरडली, "अगं, रोट्या गार होतायत!" आम्ही दोघी तशाच. मग मी तिला खुर्चीतून उठवलं, बेसिनपाशी नेलं आणि तिचं डोकं मागे घेतलं. पाणी सोडलं. केस पसरले. नायेली तिथेच होती, मला जाणवत होती, माझ्या हातांच्या अगदी जवळ. मी यादिराची मान तळहातावर पेलून धरली आणि केस धुतले, दोनदा शाम्पू लावून, सावकाश. तिनं डोळे मिटले होते. पाणी तिच्या कानात गेलं तेव्हा तिनं माझं मनगट पुन्हा धरलं. केस मी कापले नाहीत.

सोमवारी बेतो आला. टोपी हातात, दोन्या चेलोनं दिलेल्या गोड पावांची पिशवी दुसऱ्या हातात, म्हणजे आईनं सल्ला दिलेला दिसत होता.

"काय ठरलं, काकू?"

"बस आधी," मी म्हटलं. या वेळी बसला. "लिहिणार आहेस ना? मग नीट लिही. यादिरा कान्तूला विचारलं, तू हात सोडलास का. काळीज उडालं. मी स्वतः बोटांनी पाहिलं."

त्याचा चेहरा उतरला. "काकू, तुम्हाला खात्री—"

"लिही म्हणते ना. झालं? आता खाली माझं नाव घाल. ओफेलिया सालास, मुलीची आई. तिलाही विचारलं, तू हात सोडलास का. नाही म्हणायच्या आत तिचंही उडालं, पोरीपेक्षा जोरात. पकडली म्हणून लिही. उघडायचं तर दोघींचं उघड, आणि तुझ्या त्या प्रुएटला म्हणावं ये, मला पट्टा बांध, छातीला नळ्या बांध, आणि विचार काय विचारायचं ते. दर वेळी उडेल. मी मरेपर्यंत उडेल."

बेतोनं लिहायचं थांबवलं होतं. खरं तर त्यानं सुरूच केलं नव्हतं. तो माझ्याकडे बघत होता, लहानपणी पहिल्यांदा कात्री दाखवली तेव्हा बघत होता तसा.

"पण काकू," तो म्हणाला, "तुम्ही तर तिथे नव्हतात."

"नव्हते ना रे," मी म्हटलं, आणि इतक्या वर्षांत जे रडू आलं नव्हतं ते आलं. "मी तिथे नव्हतेच."